प्रश्नात नसलेलं सोनं

आमच्या अभ्यासकेंद्राच्या भिंतीवर एमबीएच्या पहिल्या वर्षाच्या विषयांचा तक्ता लावलेला आहे. व्यवस्थापनाची तत्त्वं, संस्थेतलं माणसाचं वागणं, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, मार्केटिंग, मनुष्यबळ, व्यवसायाचा कायदा आणि अकाउंटिंग. यांना कोअर विषय म्हणतात. म्हणजे आवडीनिवडीचा प्रश्न नाही, हे सगळ्यांना करावेच लागतात. मी त्या तक्त्यासमोर पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा एकेक विषय बोट ठेवून वाचला होता. आठवीतून शाळा सुटलेली बाई मी. दहावी-बारावी केली ती लग्नानंतर, मुक्त शाळेतून, मुलगी पहिलीत गेल्यावर. मग मराठी आणि इतिहास घेऊन बी. ए. तेही बाहेरून. एवढी वर्षं मी शाळेच्या मागच्या दारानंच आत येत होते. आता पुढच्या दारानं आले तर कुणीतरी विचारणार, अहो बाई, तुम्ही इथं कशा? कुणी विचारलं नाही. पण अजून त्या तक्त्यासमोरून जाताना चपला बाहेर काढून ठेवाव्यात असं वाटतं.

मैसूरला मी लग्न होऊन आले. आमच्याकडची बरीच माणसं गलाईच्या धंद्यात आहेत, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं काम. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या दुष्काळी गावांतून पोरं लहानपणीच बाहेर पडतात आणि देशभर सराफांच्या गल्ल्यांमध्ये भट्ट्या लावून बसतात. यांचीही शाळा नववीत सुटलेली. दुकान सराफ गल्लीत आणि आम्ही राहतो कुवेंपुनगरात, एका काकूंच्या घराच्या वरच्या मजल्यावर.

या काकूंबद्दल सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. त्यांचे पूर्वज कधीकाळी महाराष्ट्रातून इकडं आले. कापड रंगवायचा आणि छापायचा धंदा होता. काकू मात्र शिकल्या आणि रिटायर होईपर्यंत एका कचेरीत अकाउंट्स बघत होत्या. त्यांचं मराठी ऐकून मला पहिले काही महिने हसू यायचं, आणि माझं ऐकून त्यांना. त्यांच्या नातवंडांना तर मराठी कळतं, पण उत्तर कन्नडमध्ये येतं. मी बी. ए. झाले तेव्हा काकूच म्हणाल्या, "आता बसून काय करणार मा? एमबीए कर की. शनिवार-रविवारचा क्लास असतो." मी म्हटलं, काकू, माझं इंग्रजी बघितलंय का तुम्ही? त्या म्हणाल्या, "माझं मराठी ऐकतेस की रोज. चालतंय की नाही?"

यांना विचारलं तर हे म्हणाले, करायचं तर कर, फक्त मला काही समजावून सांगायला बसू नको.

पण मी सांगत बसलेच. कारण ते विषय म्हणजे माझ्यासाठी नवलाई होती. आपण ज्या गोष्टी नुसत्या जगत आलो, त्यांना नावं असतात हे मला माहीतच नव्हतं. मनुष्यबळाच्या तासाला भरती आणि निवड शिकवली. जाहिरात द्यायची, अर्ज मागवायचे, मुलाखती घ्यायच्या. आमच्याकडं गावाहून फोन येतो, "पावण्याचं पोरगं लावून देतोय, ठेवून घ्या," आणि चौथ्या दिवशी ते पोरगं मैसूरच्या स्टेशनवर उभं असतं. हीच भरती आणि हीच निवड. मार्केटिंगमध्ये कळलं की गिऱ्हाइकाच्या मनात आपली एक जागा असावी लागते. आमच्या दुकानावर नीटसा बोर्डसुद्धा नाही, पण सराफाला विचारा, तो बरोबर आमच्या पायरीपर्यंत आणून सोडेल. कायद्याच्या तासाला शिकले की करार व्हायला एकानं प्रस्ताव द्यावा लागतो आणि दुसऱ्यानं तो स्वीकारावा लागतो. घरी येऊन यांना सांगितलं तर हे म्हणाले, "व्हय, आपलं लगीन तसंच झालंय. स्वीकारलं कुणी ते मात्र आठवत नाय."

माणसाच्या गरजांचा एक त्रिकोण शिकवतात, खाली भूक, मग सुरक्षितता, वर मान-सन्मान. त्या तासाला मी शेवटच्या बाकावर बसून ठरवत होते की आपण यात कुठं आहोत. भूक नाही, घर आहे, माणसं आहेत. तरी सतत एक भीती. सर म्हणाले की माणूस एकाच वेळी दोन पायऱ्यांवर असू शकतो. मला फार बरं वाटलं.

हे सगळे विषय पार पडले. इंग्रजीत लिहिताना वाक्यं मोडकीतोडकी झाली, पण पास झाले. नापास झाले ती अकाउंटिंगमध्ये, आणि गंमत अशी की आठही पेपरांत मला तोच सगळ्यात सोपा गेला असं वाटलं होतं. आकड्यांना इंग्रजी फारसं लागत नाही. घरी येऊन मी सांगितलंसुद्धा होतं की यात काळजी नाही.

केंद्राचा नियम असा की कोअर विषयांपैकी एक जरी राहिला तरी दुसऱ्या वर्षाला बसू देत नाहीत. पुन्हा परीक्षा द्यायची एक संधी होती. मी मनाशी ठरवून टाकलं की यात झालं तर झालं, नाहीतर सोडायचं. गावाकडं तर एमबीएचं सांगितलंच नव्हतं. नापास झालेलं सांगावं लागू नये म्हणून.

चूक काय झाली ते विचारायला मी अकाउंटिंगच्या सरांकडं गेले. त्यांनी पेपरातला तोच प्रश्न पुन्हा सोडवायला लावला. एका कारखान्यात माल प्रक्रियेला टाकला, त्यातून तयार माल निघाला, आणि मधला थोडा गेला. ते गेलेलं हिशेबात 'घट' म्हणून दाखवायचं, असा तो साधा प्रश्न. मी ते गेलेलं घट म्हणून दाखवलंच नव्हतं. शिल्लक मालात धरलं होतं. आणि तिथून पुढचा सगळा हिशेब वाकडा झाला होता.

सरांनी विचारलं, हा शिल्लक माल कुठं आहे? मी म्हटलं, असेल की सर तिथंच. कुठं? फरशीवर असेल, पाण्यात असेल, कामगारांच्या हातांना लागलेला असेल. हे सगळं बोलणं कन्नडमध्ये चाललं होतं आणि मी घाबरले की माझं कन्नड अजूनच तुटतं. सर माझ्याकडं बघतच राहिले. मग मला गलाईचं सांगावं लागलं.

आमच्या दुकानातला केर कधी बाहेर टाकत नाहीत. तो डब्यात जातो. हात धुतलेलं पाणी पिंपात साठतं. बसायचं पोतं फाटलं की जाळून त्याची राख ठेवतात. वर्षाकाठी हे सगळं धुऊन, गाळून पुन्हा भट्टीत घातलं की त्यातून सोनं निघतं. नवी नवरी म्हणून मी दुकानात पहिल्यांदा गेले आणि दारातला केर झाडून बाहेर लोटला, तेव्हा सासरे धावत आले होते. त्यामुळं मालातलं काही 'गेलं' असं लिहायला माझा हातच धजत नव्हता. गेलेलं नाही ते, अजून हाताला लागलेलं नाही, एवढंच.

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "तुमचं दुकान बघायला मी नक्की येईन अम्मा. पण परीक्षेत प्रश्नात जेवढं दिलंय तेवढंच घ्यायचं. प्रश्नात नसलेलं सोनं घरून आणायचं नाही."

त्यानंतर दुपारी जेवणं झाली की मी काकूंच्या पडवीत जाऊन बसायची. अवरेच्या, म्हणजे आपल्या पावट्याच्या, शेंगांचे दिवस होते. काकू शेंगा सोलायच्या आणि मी गणितं सोडवायची. घटीच्या रकान्यापाशी आले की पेन थांबायचं.

"काय झालं मा?"

"काकू, पटत नाही हो."

"पटायला कशाला पाहिजे? लिही सुम्ने. तुझ्या नवऱ्याचा केर माझ्या खात्यात आणू नको."

सुम्ने म्हणजे उगीच, काही न बोलता. काकूंचा हा आवडता शब्द. त्यांनी मला रकाने कसे पाडायचे इथपासून शिकवलं आणि त्याबद्दल कधी एक शब्द ऐकवला नाही. उलट माझ्या वहीत एखादं गणित बरोबर आलं की शेंगांची परात बाजूला सारून त्या स्वतः पुन्हा तपासायच्या, जणू त्यांचाच पेपर आहे. पुस्तकात घटीनंतर आणखी एक भाग होता, असामान्य लाभाचा. मी विचारलं तर म्हणाल्या, "ते फार येत नाही. बिडु." सोड म्हणाल्या, म्हणून मी सोडलं.

घटीचं कोडं मात्र सुटलं ते यांच्यामुळं, आणि यांना ते कळलंसुद्धा नाही. एका सकाळी चहा पिताना मी वैतागून म्हटलं, एवढा माल जाणार हे आधीच कसं धरून चालायचं? हे म्हणाले, "धरावंच लागतं. भट्टी पेटवायच्या आधी गिऱ्हाइकाला सांगतो की मी, एवढी तूट येणार म्हणून. सांगितलेल्या तुटीत कसली लाज? न सांगता आली तर लाज." आणि चप्पल घालून निघून गेले. मी कप हातात धरून बसले. केर दुकानाचा होता, त्यातून पुढं काय निघेल तो दुकानाचा हिशेब. गिऱ्हाइकाशी बोलताना तूट ही तूटच होती. इतकी वर्षं या घरात राहून हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी काकूंनी दही-साखर हातावर ठेवली आणि हे मला गाडीवरून सोडायला आले. गेटपाशी हे म्हणाले, "जाऊ का?" मी म्हटलं, जावा की. तरी थोडा वेळ तिथंच उभे राहिले.

पेपर हातात आला. प्रक्रियेचा प्रश्न सक्तीचा होता. सुगंधी तेलाच्या कारखान्यात शंभर किलो माल टाकला, दहा टक्के घट अपेक्षित. म्हणजे नव्वद किलो निघायला हवा. निघाला पंच्याण्णव.

मी पुन्हा वाचलं. पंच्याण्णवच होता.

हाच तो असामान्य लाभ, जो फार येत नाही. पुस्तकातला तो भाग मी सोडूनच दिला होता. डोक्यात भलतंच येत होतं. आमच्या धंद्यात हिशेबापेक्षा जास्त निघालं की कुणी आनंदानं उड्या मारत नाही. एकदा तसं झालं होतं, तेव्हा यांनी दुकानाचं दार लोटून घेतलं, काटा पुसला आणि पुन्हा पुन्हा वजन केलं. जास्त निघणं म्हणजे काहीतरी गडबड. काहीतरी मिसळलंय, किंवा कुणाचंतरी आपल्याकडं राहिलंय. माझ्या पुढच्या बाकावरची मुलगी भराभर लिहीत होती आणि मी त्या पाच किलोंकडं चोर सापडल्यासारखी बघत बसले होते. उठून जावं असंही एकदा वाटलं. पेपर देऊन टाकायचा, बाहेर यायचं, काकूंना सांगायचं की नाही जमलं.

मग म्हटलं, प्रश्नात जेवढं दिलंय तेवढंच घे. टाकले शंभर. निघाले पंच्याण्णव. शंभरावर एक किलोही चढलेलं नाही, कुणाचं काही आपल्याकडं आलेलं नाही. पाच गेलेच आहेत. फक्त आपण सांगितलं होतं दहा जाणार. सांगितल्यापेक्षा कमी गेलं. एवढाच तो लाभ. असं झालं तर गिऱ्हाईक खूश होऊन जातं, हेही मी पाहिलेलं होतं.

रकाने पाडले. घट दहाचीच दाखवली, कारण ती आधी सांगितलेली होती. राहिलेल्या पाचांचं वेगळं खातं उघडलं. दोन्ही बाजूंची बेरीज जुळली तेव्हा मी पेन खाली ठेवून हात पदराला पुसले. ही मांडणी मला कुणी शिकवलेली नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी स्वतःचं स्वतः सोडवलं होतं, आणि ते बरोबर आहे हे निकालाआधी मला माहीत होतं. त्या बाकावर मला जे वाटलं, त्याला अजून कुठल्या विषयात नाव सापडलेलं नाही.

निकाल फोनवर आला. मी बघायला घाबरले म्हणून काकूंनी बघितला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "आयतु," म्हणाल्या. झालं. मग आत गेल्या आणि घरातल्या सगळ्यांना कन्नडमध्ये सांगत सुटल्या, सुनेला, नातवंडांना, दूधवाल्यालासुद्धा. मी पडवीत बसून ऐकत होते. कन्नड आता एवढं तर कळतंच. आमची वरच्या मजल्यावरची मुलगी, म्हणजे मी, पहिल्या वर्षाच्या सगळ्या विषयांत पास झाली, असं त्या सांगत होत्या.

यांना दुकानात फोन केला. हे भट्टीसमोर असावेत, आवाज नीट येत नव्हता. एवढंच ऐकू आलं की शेजारच्या दुकानदाराला मोठ्यानं काहीतरी सांगतायत.

मग गावी आईला फोन लावला. तिला एमबीए म्हणजे काय ते सांगायचा प्रयत्न केला, व्यवस्थापन म्हटलं, धंद्याचं शिक्षण म्हटलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,

"म्हंजी कितवी झाली गं तुझी?"

मला क्षणभर हिशेब करावा लागला. "सोळावी, आई."

आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत होती. पुढची दुसऱ्या गावात. माझ्याबरोबर चालत जाणारी मैत्रीण लग्न होऊन गेली, आणि एकटीनं एवढं रान तुडवायचं नको म्हणून आईनंच मला घरी बसवलं होतं. त्यावर आम्ही दोघी कधी बोललो नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंही, तेव्हा तेच शहाणपणाचं होतं.

"आन् राहिली किती?" आई म्हणाली.

"एक वर्ष."

"एकटीच जातीस का शिकायला?"

"नाही. हे सोडायला येतात गाडीवर. आणि काकू आहेत."

"मग जा की," आई म्हणाली. "सोबत हाय तर जा."