सत्तावीस नंबरचा बदली खेळाडू

भूतखेत, संकेत वगैरे मी मानत नाही. शिरूरच्या बाजारपेठेत माझं टेलरिंगचं दुकान आहे, असल्या गोष्टींना वेळही नसतो. तरी हे लिहितेय... कारण पाहिलं ते मीच.

माझा धाकटा भाऊ सलीम दौंडचा. रेल्वेच्या ग्राउंडवर फुटबॉल खेळून मोठा झाला. बारा वर्षांपूर्वी राष्ट्रीय लीगच्या खालच्या डिव्हिजनमधल्या एका क्लबची ट्रायल देऊन आला. आमच्या घरात कुणीही फॉर्म भरला की फोन नंबर माझा — मी मोठी, फोन उचलणारी. क्लबचा फोन मलाच आला. निवड झाली होती. पण त्याच आठवड्यात त्याला पाटसला साखर कारखान्यात कायम नोकरीवर घेतलं होतं, आणि क्लबचा करार एका सीझनचा. मी सांगून टाकलं, "तो येणार नाही." सलीमला काहीच बोलले नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी ड्युटीवर जाता जाता त्यानं मोबाइलवर लाइव्ह मॅचची लिंक पाठवली. खाली लिहिलेलं — 'आपा, हाच तो क्लब. आपल्याला न्हाई बोलावलं, पण बघ कसले खेळत्यात.'

काजं करता करता मी मॅच लावली. सत्तराव्या मिनिटाला बदली खेळाडू आत आला. पाठीवर सत्तावीस. डावा खांदा पाडून पळणारा... सलीम. आताचा, पोट सुटलेला नव्हे — बावीस वर्षांचा. शेवटच्या शिट्टीपर्यंत तो खेळला. मी सुई खाली ठेवून बघत राहिले.

मग फोन लावला.

"कुठं आहेस?"

"ड्युटीवर. आनखी कुठं जातोय?"

"मॅच बघितलीस?"

"इथं आत नेट कुठं चालतंय आपा. तूच सांग, कोण जिंकलं?"

संध्याकाळी तीच मॅच पुन्हा पाहिली. सत्तराव्या मिनिटाला कुणीच आत आलं नव्हतं. खेळाडूंच्या यादीत सत्तावीस नंबरच नव्हता.

रविवारी दौंडला जाऊन त्याला सगळं सांगितलं. क्लबच्या फोनचंही.

"नंबर कुठला म्हणालीस?"

"सत्तावीस."

"ट्रायलला कोचनं विचारलं होतं, कुठला नंबर पाहिजे. मी सत्तावीस म्हणलो. घरी कुणाला बोललो न्हाई... हसला असता तुम्ही."

याचा उलगडा मला आजही झालेला नाही. सलीम नीट बोलतो, ईदला घरी येतो. तो फोन का लपवलास, हे मात्र त्यानं एकदाही विचारलेलं नाही. माझं उत्तर बारा वर्षांपासून तयार आहे.