मानपत्रातून गाळलेल्या खोविषयी

अर्जदार : मी स्वतः. वय एकोणपन्नास, शिक्षण नववी (वार्षिक परीक्षेस गैरहजर). नोकरी दोह्यातील एका गोदामात, परंतु ओळख अर्जलेखक म्हणून.
विरुद्ध पक्ष : माझा वर्गमित्र. वेस्ट बेमधील एका कंपनीत इंजिनीअर, सध्या स्टेडियमच्या कामावर.
ज्यांच्यापुढे दाद मागतो ते : आमचे खेळाचे सर, वय ऐंशीच्या पुढे.
घटना पहिली : आंतरशालेय खोखोचा अंतिम सामना, मी नववीत असताना.
घटना दुसरी : येथील फुटबॉल विश्वचषकास वर्षही उरले नसताना, गेला शुक्रवार, वर्गमित्राचे अबू हमूरमधील घर.
साक्षीदार : दोन्ही ठिकाणी हजर असे आम्ही तिघेच.
नावे मुद्दाम लिहिलेली नाहीत. ज्यांना ठाऊक असावीत त्यांना ती ठाऊक आहेत.

सरांनी मला काय दिले ते आधी नमूद करतो, म्हणजे पुढील मजकूर कृतघ्नपणाचा वाटणार नाही. आमच्या शाळेला स्वतःचे मैदान नव्हते. आम्ही बाजाराच्या पटांगणावर खेळत असू आणि आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सर स्वतः टोपली घेऊन तेथील काचा वेचत. आम्हांला हात लावू देत नसत. मला धावताना दम लागतो हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखले. म्हणाले, "तू पायांनी नको, नजरेने खेळ." माझ्यातील काही गुण कोणी ओळखल्याची ती पहिली वेळ, आणि लिहिण्यास हरकत नाही, शेवटचीही.

वर्गमित्राला सर काहीच सांगत नसत. त्याला सांगावे लागत नसे. तो उठला की समोरचा गडी बाद होई आणि सर त्याच्याकडे पाहून नुसते गप्प राहात. त्या गप्प राहण्याचा मला जितका हेवा वाटला तितका पुढे त्याच्या पदवीचा, व्हिलाचा किंवा गाडीचाही वाटला नाही. गाडीचा थोडा वाटला.

अंतिम सामन्यात शेवटचे मिनिट चालू होते आणि विरुद्ध संघाचा एक गडी बाद व्हायचा होता. पाठलाग माझ्याकडे होता. मी त्या गड्याला खांबाच्या बाजूस दाबत नेले आणि नेमक्या क्षणी, रांगेत बसलेल्या वर्गमित्राच्या पाठीवर हात ठेवून खो दिला. तो उठला आणि दोन पावलांत त्याने गडी बाद केला. बाद करणाऱ्याचे नाव लिहिले जाते, खो देणाऱ्याचे कोठेच लिहीत नाहीत. पोरांनी त्याला खांद्यावर घेतले. मी त्याच्या चपला धरून उभा राहिलो.

पुढे मी शाळा सोडली. आज येथे सुतार, फिटर, ड्रायव्हर माझ्या खोलीवर येऊन रजेचे, बदलीचे अर्ज लिहून घेतात. माझा अर्ज सहसा फेटाळला जात नाही.

विश्वचषक जवळ आला तसे शहरातील रस्ते दर आठवड्याला बदलू लागले, आणि वर्गमित्राने स्टेडियम दाखविण्यासाठी सरांना आपल्या घरी बोलावून घेतले. मला फोन आला तो मानपत्रासाठी. "अर्जसाहेब, सरांचा सत्कार ठेवलाय. तुझ्याइतकं भारदस्त मराठी इथं कोण लिहिणार?" मी लिहिले. त्यात एकच वाक्य स्वतःसाठी घातले : 'ज्या एका खोने अंतिम सामन्याचा निकाल लागला, तो खो देणाऱ्यासही सरांनीच घडविले.' नाव घातले नाही.

शुक्रवारी त्याच्या घरी चाळीसेक माणसे जमली. शाल झाली, नारळ झाला. वर्गमित्राने मानपत्र वाचले आणि ते वाक्य गाळले. त्या जागी श्वास घ्यायलाही तो थांबला नाही. त्याच्या मुलीने सरांना खोखोविषयी विचारले, "आजोबा, इज इट लाइक टॅग?"

"हो, पकडापकडीच, पण बसून," सर म्हणाले. सगळे हसले.

सर एकटे दिसताच मी गाठले. "सर, माझं एक वाक्य त्यानं खाल्लं."

"त्यानं नाही. सकाळी कागद मी वाचला. मीच खोडायला लावलं."

"का?"

"तुझा हात त्याच्या पाठीला लागला नव्हता रे. नुसता तोंडानं खो म्हणालास. पंच पलीकडं होता."

"लागला होता, सर."

"त्यानं त्याच दिवशी मला येऊन सांगितलं, पाठीला काही लागलं नाही म्हणून. मी म्हटलं, गप्प बस, त्याला कळता कामा नये. तुला एवढा आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता."

इतक्यात वर्गमित्र ताट घेऊन आला. "अर्जसाहेब, सुनावणी पुरे. यल्ला, चल, सरांना जेवू दे."

मला फाऊल टोचला नाही. टोचले ते हे की इतकी वर्षे ते दोघे एक गोष्ट जपून होते आणि ती गोष्ट माझी होती. सरांनी त्याच्यावर विश्वास टाकला, माझ्यावर दया केली.

सबब, सर, आपणांस विनंती की, हात लागला हे माझे म्हणणे कायम आहे. तथापि आपला निर्णय त्याविरुद्ध असल्यास तो फाऊल माझ्या नावाने, त्याच चाळीस माणसांत जाहीर करावा. खो माझा नसेल तर चूक तरी माझी असावी. ती वर्गमित्राच्या ताब्यात राहू नये. आपण मंगळवारी परत जात आहात. त्यापूर्वी दोन ओळींचे लेखी उत्तर मिळावे. ते त्याच्या हाती देऊ नये, मी स्वतः विमानतळावर येऊन घेईन.