दुकानातली चाल

आमचा दादा कवळ्या बनवतो. चाळिशी उलटली, त्यातली वीस वर्षं एकाच लॅबमध्ये गेली. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचा ठसा पाठवतात, दादा त्यावरून साचा काढतो आणि साच्यावर दात बसवतो. ज्याचे दात, त्याचं तोंड तो कधी बघत नाही. पण काम चोख. टोचते म्हणून एकही कवळी परत आली नाही असं तो सांगतो, आणि मी विश्वास ठेवते. धाकट्या बहिणीला दुसरं काय काम!

उरलेल्या वेळात तो जे करतो त्याला आई 'टुणटुण' म्हणायची. लहानपणी खेळलेल्या व्हिडिओ गेममधल्या चाली घ्यायच्या आणि नव्या वाद्यांवर नव्याने बांधायच्या. असे वेडे जगभर आहेत आणि इंटरनेटवर त्यांचं एक मंडळ आहे. तिथे कुणी कुणाचं खरं नाव विचारत नाही. दादाला 'कवळी' म्हणतात, त्यावर तो खूश. नियम एकच, पण कडक: प्रत्येक रचनेच्या डोक्यावर 'मूळ' लिहायचं. कोणता गेम, कोणती लेव्हल. दादाच्या तिथे एकशे चाळीस रचना आहेत आणि एकशे चाळीसही वेळा मूळ दुसऱ्याचंच.

मागच्या वर्षी या मंडळाच्या डोक्यात आलं, आपलं स्वतःचं रेकॉर्ड लेबल काढायचं. चार महिने नुसता काथ्याकूट. चाली गेम कंपन्यांच्या, त्यांनी परवानगी द्यायला साफ नकार दिला. मग ज्याला सगळे 'पंच' म्हणतात त्याने तोडगा काढला: लेबलवर फक्त स्वतःच्या चाली घ्यायच्या. "मग आपण इतकी वर्षं करत होतो ते काय?" असं एकाने विचारलंही. दादाने मात्र उत्साहाने 'हो' म्हणून मत दिलं.

"एकच रचना करायची," तो मला म्हणाला. "खाली माझं नाव. खरं नाव. आणि वर मूळबीळ काही नाही."

दोन महिने दर रविवारी सकाळी तो कीबोर्ड घेऊन बसायचा. दहा सूर वाजवायचा आणि थांबायचा. "ही पाण्याखालची लेव्हल झाली." पुन्हा दहा सूर. "ही शेवटच्या राक्षसाच्या आधीची." त्याचं जेवण कमी झालं. मी एकदा चिडून म्हणाले, "लोकांचे एवढे दात बसवलेस, एक तुझा स्वतःचा काढ की!" एरवी हसला असता. त्या दिवशी हसला नाही, आणि मला माझ्याच जिभेचा राग आला.

मग एका रविवारी मी आईच्या शिलाई मशीनवर उशांचे अभ्रे शिवत होते. आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. दादा दारात येऊन उभा राहिला.

"आई मशीनवर बसली की काय गुणगुणायची, आठवतं?"

त्याने गुणगुणून दाखवलं. अगदी तेच. आई कधी गायली नाही, तिचं गाणं म्हणून घरात उरलं होतं ते एवढंच. दादाने ते संथ बांधलं, खाली मशीनची खडखड ठेवली. ऐकताना मी रडले. आणि रडता रडताच ते कुठलं आहे हे मला कळलं.

आमच्याकडे एक गेम होता, फारसा कुणी न खेळलेला. त्यात खेळ मध्येच जपून ठेवायची सोय नव्हती. पण एक दुकान होतं, तिथे शिरलं की शत्रू मारत नसत. आईने जेवायला हाक मारली की दादा आपल्या शिपायाला दुकानात उभा करायचा, मला राखणीला बसवायचा आणि टीव्ही चालू ठेवून जेवायला जायचा. त्याचं जेवण होईपर्यंत दुकानाची ती इवलीशी चाल वाजत राहायची. आई ओरडायची, "बंद करा रे ती टुणटुण!" दादाला लढायांच्या चाली पाठ होत्या. दुकानाची चाल पाठ झाली ती मला. आणि आईला.

मी मूग गिळून गप्प बसले. आई गेल्यापासून तो पहिल्यांदाच मनापासून हसत होता, कोणत्या तोंडाने सांगणार? त्याने मंडळाला लिहिलं, 'ही माझ्या आईची चाल आहे.' पंचाने ती घरचीच चाल धरून रेकॉर्डवर पहिला नंबर दिला. पाच दिवस दादा घरात शीळ घालत हिंडला.

सहाव्या दिवशी 'खारूताई' नावाच्या कुणीतरी अगदी नम्रपणे त्या दुकानाचा आठ सेकंदांचा तुकडा पाठवला. 'हेच ना ते?' संध्याकाळी पंचाचा निरोप आला: 'कवळी, फार वाईट वाटतंय. पण घेता येणार नाही.'

दादाने तो तुकडा तीनदा ऐकला.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"तू पहिल्यांदा ऐकवलंस तेव्हापासून."

"आणि मला चार लोकांत आईचं नाव घेऊ दिलंस?"

दुसऱ्या दिवशी तो डबा न घेताच कामावर गेला.

रेकॉर्ड निघालं. बारा रचना, बाकी सगळ्यांच्या. आभाराच्या यादीत शेवटून तिसरा 'कवळी'. दादाने बाराही जणांना कौतुकाचं पत्र लिहिलं. महिन्याभराने त्याने आपली रचना मंडळाच्या जुन्या पानावर टाकली. वर नियमाप्रमाणे मूळ: गेमचं नाव, दुकान. त्याखाली कुणी न मागितलेली एक ओळ: 'आईने स्वयंपाकघरातून ऐकून पाठ केलेली. तिला ती बंद हवी होती.'

त्यानंतर त्याने काही बांधलेलं नाही. कीबोर्डवर मी शिवलेला अभ्रा घातलाय. रविवारी मी मशीनवर बसले की माझ्याही ओठांवर तीच चाल येते. दादा शेजारच्या खोलीत असतो, म्हणून मी ती तोंडातच दाबते.