शेजारची जास्वंद

शेजारच्या नलूताईंच्या जास्वंदीला आज पुन्हा सात फुलं आली. माझ्या कुंडीत नुसती पानं.

"चहाचा चोथा घालत जा," असं त्यांनीच सांगितलं होतं. मी महिनाभर इमानेइतबारे घातला, तर कुंडीत मुंग्यांची रांग लागली. "अहो, साखर धुऊन घालायचा!" म्हणत त्या हसल्या. हे आधी सांगायला काय झालं होतं?

लोकांचे बंगले, गाड्या बघून माझ्या पोटात कधी दुखलं नाही. दुखतं ते या एका कुंडीपायी.

रोज सकाळी नलूताई आठवणीने दोन फुलं माझ्या देवांसाठी आणून देतात. मी ती गणपतीला वाहते, हात जोडते आणि डोळे मिटून मागते, देवा, त्यांच्या जास्वंदीला कीड लागू दे.