संथ केलेली नजर

गाण्याच्या व्हिडिओत गर्दीतला एक तरुण वळून चार सेकंद कॅमेऱ्याकडे पाहतो. तो माझा दादा. गेल्या दिवाळीपासून बेपत्ता असलेला.

“बघ गं, किती वेळ बघतोय आपल्याकडे! येईल तो,” आई म्हणाली.

मी पदार्थविज्ञान शिकले आहे. चित्रीकरणाची ही रीत मला ठाऊक आहे. गाणे दुप्पट वेगाने वाजवतात, गायक त्यावर ओठ हलवतो आणि नंतर चित्र निम्म्या गतीने दाखवतात. ओठ सुरांशी जुळतात. भोवतालचे सारे रेंगाळते. म्हणजे दादा दोनच सेकंद थबकला होता. ताणलेल्या काळात साधे कुतूहलही ओढीसारखे दिसते.

हे सांगायला मी तोंड उघडले.

“पुन्हा लाव ना,” आई म्हणाली.

मी लावले, आणि वेग आणखी निम्मा केला.