पिसांची माशी

परवा चांभाराकडे चप्पल शिवून घेताना दोऱ्याला चोळलेल्या मेणाचा वास आला आणि मी थेट आर्णीत, चंद्रभागाबाईंच्या दुकानात जाऊन बसलो. साठ-एकसष्ट साल असेल. मी बांधकाम खात्यात नवखा ओव्हरसियर होतो. आमचे साहेब अरुणावती नदीवर मासे धरायचे. त्यांच्या गळाला गांडुळाऐवजी पिसांची खोटी माशी असे. ती विलायती माशी मी हौसेनं मागून नेली आणि बाभळीत अडकवून फाडली. दुसऱ्याच दिवशी साहेब नदीवर निघणार होते.

चंद्रभागाबाई गळ आणि बांबूच्या काठ्या बनवून विकत. मी माशीच्या चिंध्या त्यांच्यापुढे ठेवल्या.

"कायले घाबरून राह्यले बाबू? बसा."

त्यांनी कोंबड्याच्या मानेची दोन पिसं उपटली, दोऱ्याला मेण चोळलं आणि भेगाळल्या बोटांनी नव्या गळावर माशी बांधली.

"साहेब ओळखतील हो," मी रडवेला झालो.

"साहेबाले कायले इचारता? खाणाऱ्याले इचारू!"

टोचू नये म्हणून गळाच्या टोकावर मेणाची गोळी बसवून त्यांनी माशी रांजणाशेजारच्या ओलीत नाचवली. रांजणामागून बेडकानं झेप घेतली आणि माशी तोंडात धरली! बाई हसून हसून भिंतीला टेकल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांना मोठा मासा लागला. "विलायती काम ते विलायती," ते म्हणाले. मी घाबरत खरं सांगितलं. त्यांनी माशी उलटसुलट पाहिली. "बाईंना म्हणावं, आणखी सहा करा."

तेव्हा वाटलं, नोकरी वाचली. आज वाटतं, माझ्या नोकरीतली सगळ्यात चांगली बातमी मी त्या संध्याकाळी बाईंच्या दुकानात पोचवली.