गळका सूर

माझी नणंद फ्लूट वाजवते. बासरी नव्हे, धातूची आडवी फ्लूट, आणि तीही जॅझमध्ये. हे आधीच सांगून टाकते, कारण नुसतं "नणंद वाजवते" म्हटलं की लोक "अय्या, बासरी!" करून डोळे मिटतात आणि माना डोलवायला लागतात.

घरात तिला फुंकणी म्हणतात. हे नाव ती शाळेत असताना तिच्या भावाने, म्हणजे आमच्या ह्यांनी ठेवलं. ह्यांच्या आयुष्यातला तो एकमेव विनोद, म्हणून अजून जपून वापरतात.

एका मोठ्या हॉटेलच्या तळमजल्यावर बार आहे, तिथे तिघांचा बँड. पियानोवर मास्तर, उंच उभ्या बेसवर एक ढेरपोटे गृहस्थ, ज्यांना मी आजवर पूर्ण वाक्य बोलताना ऐकलेलं नाही, आणि आमची फुंकणी. ती तिथे लागली तेव्हा तिच्या केसांत एकही पांढरा नव्हता. आता काळा शोधावा लागतो. फ्लूट मास्तरांची. "माझ्याकडे पडूनच आहे, तू वाजव," असं म्हणून त्यांनी दिली आणि तिने ती आयुष्यभर वाजवली. मध्ये एकदोनदा स्वतःची घ्यायचं तिच्या मनात आलं, पण मास्तर म्हणाले, "वाद्य बदललंस तर आवाज बदलेल. चाललंय ते चालू दे." मास्तरांचा शब्द म्हणजे तिला काळ्या दगडावरची रेघ.

आणि आवाज होताच तसा. त्याला धूर म्हणायचे. खालच्या पट्टीत आली की सुराच्या आधी हवेचा एक हलका सुस्कारा यायचा, मग सूर यायचा, आणि सूर संपला तरी तो सुस्कारा थोडा वेळ रेंगाळायचा. लोक खास त्यासाठी येत. हॉटेलच्या पत्रकात छापलेलं असायचं, "धुराचा सूर, दर शनिवारी". एक गृहस्थ तर तिला म्हणाले होते की तुम्ही वाजवता तेव्हा शेजारी कोणीतरी झोपेत बोलतंय असं वाटतं. त्या गृहस्थांचं वय बघता त्यांनी असलं काही बोलायला नको होतं, पण वर्णन बरोबर होतं.

त्या धुराचं कारण घरात फक्त मला माहीत होतं, आणि तेही मी नाक खुपसलं म्हणून. तिचं डाव्या हाताचं अंगठीचं बोट वाकडं झालंय. पहिलं पेर आतल्या बाजूला वळलेलं. "अंगठी राहिली ती राहिली, पण बोटाला काय केलंस?" असं मी एकदा विचारलं. म्हणाली, "वहिनी, त्या बोटाखालचं झाकण नीट बसत नाही. हवा गळते. म्हणून दाबावं लागतं, आणि दाबूनही भागत नाही म्हणून जास्त फुंकावं लागतं. लोक त्याला धूर म्हणतात."

"मग दुरुस्त करून का घेत नाहीस?"

"मास्तर दरवर्षी कारागिराकडे नेतात. तो म्हणतो, नळीच तिथे वाकलीय, इलाज नाही."

मी म्हटलं, धन्य तो कारागीर. विषय संपला.

यंदा दोन गोष्टी एकदम झाल्या. मास्तरांना रेकॉर्ड काढायचं बोलावणं आलं. इतक्या वर्षांत पहिलंच. मुखपृष्ठावर तिघांची नावं येणार होती. फुंकणी चार दिवस घरात इतकी गुणगुणत होती की ह्यांनी कानात कापूस घातला. बारमध्ये वाजवलेलं त्याच रात्री ग्लासांबरोबर धुतलं जातं, असं ती म्हणायची. आता काहीतरी मागे उरणार होतं, आणि त्यावर तिचं नाव असणार होतं. तिला आयुष्यात दुसरं काही मागताना मी पाहिलेलं नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे मास्तरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यामुळे फ्लूट कारागिराकडे न्यायचं काम तिच्यावर आलं. मला घरात बसवत नाही, मीही निघाले.

कारागिराने फ्लूट दिव्याखाली धरली, सिगारेटचा पातळ कागद एकेका झाकणाखाली घालून ओढून पाहिला आणि मान हलवली. "दांड्या झिजल्यात, ताई. आता हिच्यात राम नाही. फार तर हे रेकॉर्डिंगपुरतं ओढूनताणून करून देतो." मग सहज, कपात चहा ओतावा तसं म्हणाला, "आणि ती एक गादी नेहमीसारखी तशीच ठेवायची ना?"

"कुठली गादी?"

"ही, ह्या झाकणाखालची. मास्तर दरवर्षी सांगतात ना, बाकी सगळं चोख करा पण हिला हात लावू नका. फारच घट्ट बसायला लागली तर कडेला एक चीर द्या. तुमचीच फर्माईश आहे म्हणाले."

फुंकणी म्हणाली, "नळी वाकलीय ना तिथे?"

"नळी? नळी सरळ आहे की! पाच मिनिटांचं काम आहे हे."

मी तोंड उघडणार तेवढ्यात तिने माझ्या दंडाला हात लावला. फ्लूट घेतली, फडक्याने पुसली, तिचे तीन तुकडे सुटे केले, पेटीत ठेवले, पेटी लावली. बाहेर आल्यावर मी फूटपाथवरच सुरू झाले. मास्तरांच्या सात पिढ्या उद्धरल्या. तिने ते सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वाद्यांचं दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं?"

दुकान पहिल्या मजल्यावर. पायाखाली गालिचा, भिंतींना काचेची कपाटं, आणि वाजवून बघायला कापडाने मढवलेली एक खोली, जिच्यात आपला आवाज आपल्यालाच परका वाटतो. टायवाल्या दुकानदाराने आमच्याकडे पाहिलं, आमच्या चपलांकडे पाहिलं, आणि तरी सगळ्यात चकचकीत फ्लूट काढली, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. झाकणांना मधोमध भोकं, सगळ्या चाव्या एका रेषेत. "प्रोफेशनल लोक हीच नेतात, मॅडम."

"बंद झाकणांची दाखवा," फुंकणी म्हणाली. "आणि ह्या बोटाची चावी जरा बाहेर काढलेली हवी."

"तसली शिकाऊ मुलं घेतात हो."

"मी शिकाऊच आहे. दाखवा."

तिने बोट पुढे केलं. त्याने ते पाहिलं आणि आतून तीन फ्लूट आणल्या. तिन्ही उत्तम, तिन्ही चांदीच्या मुखाच्या, तिन्ही तिच्या बोटाला हव्या तशा.

तिने फुंकलंच नाही आधी. फ्लूट कानाशी धरून नुसती बोटं नाचवली. "माईकला चाव्यांची खडखड आधी ऐकू जाते, सूर नंतर." मग सगळ्यात खालचा सूर, इतका हळू की मला वाटलं अजून सुरूच झाला नाही. मग तोच सूर मोठा, फाटतो का बघायला. मग जीभ लावून तुटक तुटक. मग म्हणाली, "वहिनी, तोंड भिंतीकडे करा." ह्या वयात शिक्षा झालेल्या पोरासारखी मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, आणि तिने एकच चाल तिन्हींवर वाजवली.

"बोला."

"दुसरी," मी म्हटलं.

"का?"

"तुझ्यासारखी वाटते."

दुकानदाराला धीर आला. "अगदी बरोबर! मॅडम, मी शनिवारी येतो तुम्हाला ऐकायला, आत्ता ओळखलं. ही दुसरी जड आहे, हवा पिते. तुमचा तो धूर हिच्यातून आपोआप येईल."

फुंकणी माझ्याकडे बघत राहिली. "वहिनी, तुम्हीसुद्धा?"

मला काय कळतं जॅझमधलं? पण कानाला जे वाटलं ते सांगितलं, आणि आजही तेच सांगेन. तिने दुसरी बाजूला ठेवली आणि तिसरी परत उचलली. खालचा सूर लावला. सवयीने ते वाकडं बोट दाबलेलं मला दिसत होतं. मग तिने दाब कमी केला. सूर तसाच. आणखी कमी केला. सूर तसाच, सरळ, घासलेल्या ताटासारखा लख्ख. तिने फ्लूट ओठांवरून काढली.

"दाबत नाहीये, वहिनी. नुसतं ठेवलंय बोट."

"पण लोकांना तो धूर..."

"लोकांना गळती आवडते. मला हे असं ऐकू यायचं, पहिल्या दिवसापासून, डोक्यात. बाहेर कधी आलंच नाही." मग दुकानदाराकडे वळून म्हणाली, "तिसरी बांधा."

पुढच्या आठवड्यात मास्तरांच्या घरी तालीम. पायाखाली स्टूल घेऊन मास्तर पियानोशी बसलेले, बेसवाले भिंतीला टेकलेले. मी हिच्याबरोबर गेले, कारण मला राहवेना. तिने आल्या आल्या जुनी पेटी मास्तरांच्या पियानोवर ठेवली. "ही तुमची. मी माझी आणलीय." आणि वाजवायला लागली. चार ओळी झाल्या असतील नसतील, मास्तरांनी पियानोवरचे हात काढून घेतले.

"धूर कुठाय?"

"धूर नव्हता तो, मास्तर. चीर होती. तुम्हीच द्यायला लावलेली."

बाईमाणसासमोर पकडला गेलेला पुरुष निदान खोकतो तरी. हे खोकलेसुद्धा नाहीत. "कारागीर बोलला वाटतं. बरं, मग? त्या चिरेने तुझं नाव झालं. चांगलं झालं की वाईट?"

"मला विचारलं असतंत तर?"

"तर नाही म्हणाली असतीस. आत्ता म्हणतेयस तशी. अगं, स्वच्छ वाजवणाऱ्या पैशाला पासरी मिळतात. गळकी तू एकटीच आहेस. रेकॉर्डवाल्यांनी बोलावलंय ते त्या गळतीला."

"माझं बोट बघा."

"माझा गुडघा बघ," मास्तर म्हणाले. "वाजवणाऱ्याचं काहीतरी वाकतंच." मग आवाज मऊ केला. "हे बघ, रेकॉर्डिंगपुरती जुनी घे. नाव छापून येऊ दे. मग आयुष्यभर वाजव तुझी ती चांदीची काडी."

तिने बेसवाल्यांकडे पाहिलं. बेसवाल्यांनी छताकडे पाहिलं.

मला वाटलं, घेईल. मी तिच्या जागी असते तर घेतली असती, आणि मनातल्या मनात शिव्या देत नाव छापून घेतलं असतं. तिने पियानोवरच्या जुन्या पेटीकडे बराच वेळ पाहिलं. तिला ते नाव किती हवं होतं हे त्या खोलीत मला आणि मास्तरांना, दोघांनाही ठाऊक होतं. म्हणून तर ते इतके निवांत होते.

"नाही वाजवणार," ती म्हणाली. "नवी चालत असेल तर सांगा."

"नवी चालणार नाही."

"बरं," म्हणाली, आणि फ्लूटचे तुकडे पुसायला लागली. मास्तर थांबले, ती रडेल म्हणून. मीही थांबले. ती फक्त पुसत होती.

रेकॉर्ड निघालीच. ह्या जगात कोणावाचून कोणाचं अडत नाही, हे वाक्य बोलणाऱ्याला मला एकदा धरून झोडपायचंय, पण खरं आहे ते. मास्तरांनी एक सॅक्सोफोनवाला आणला, त्याच्या हातात जुनी फ्लूट दिली, बोट सैल ठेवायला सांगितलं. मुखपृष्ठावर मास्तरांचं एकट्याचं नाव. हॉटेलात शनिवारी आता तो सॅक्सोफोनवाला असतो. लोक म्हणतात, धूर तोच.

आमची रोज दुपारी खिडकीशी बसून वाजवते. स्वच्छ वाजवते. मी कान देऊन ऐकते आणि दर वेळी मनात म्हणते, आज आवडेल. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी परवा जिन्यात गाठून विचारलं, "तुमच्याकडे कोण फ्लूट शिकायला येतं हो?" मी म्हटलं, "तुमचे कान साफ करून घ्या." घरी येऊन मात्र हे कोणाला बोलले नाही.

काल आम्ही दोघी ह्यांचं खोकल्याचं औषध आणायला गेलो. औषधवाल्याच्या फळीवर छोटा स्पीकर, त्यात ती रेकॉर्ड चाललेली. खालचा सूर आला, आधी सुस्कारा, मग सूर, मग पुन्हा सुस्कारा. औषधवाला बाटली कागदात गुंडाळता गुंडाळता फुलला. "ताई, तुम्हीच ना ह्या? माझी बायको म्हणाली, नाव नसलं म्हणून काय झालं, हा धूर दुसऱ्या कोणाचा असूच शकत नाही."

मी बोलायला तोंड उघडलं.

"हो," फुंकणी म्हणाली. "मीच."

त्याने आनंदाने आवाज वाढवला. ती बाटली घेऊन पायऱ्या उतरली. मी रस्त्यावर तिला गाठलं. "हो काय म्हणालीस? तुझं काय डोकं फिरलंय?"

"मग काय सांगू? की ती मी नाही, घरी खिडकीत वाजवते ती मी? ऐकलंय कोणी तिला?"

"मी ऐकते."

"आणि आवडते?"

माझ्या तोंडून आयुष्यात वेळेवर न आलेलं ते पहिलं उत्तर असेल. तिने बाटली ह्या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाली, "चला, दादा खोकत असेल."